नकाराची सोय

'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली सगळ्यांत शहाणी बाई मिसेस बेनेट, असं माझं ठाम मत आहे आणि आमच्या घरात ते कुणाला पटत नाही. नणंदेला पटत नाही, कारण बेळगावातल्या कॉलेजात ही कादंबरी शिकवताना तिनं वर्षानुवर्षं मिसेस बेनेटच्या जिवावर वर्ग हसवला. लेकीला पटत नाही, कारण आपल्या घरातली मिसेस बेनेट कोण हे तिनं कधीच ठरवून टाकलंय. पण बघा : पाच मुली, मुलगा नाही, इस्टेट कायद्यानं नवऱ्याच्या एका दूरच्या भाऊबंदाकडे, कॉलिन्सकडे, जाणार आणि नवरा पुस्तकांच्या खोलीत बसून टोमणे मारणार. त्या घरात हिशेब करणारं एकच माणूस होतं आणि ऑस्टेनबाईंनी नेमकं त्याचंच हसं केलं.

२०२५च्या १६ डिसेंबरला जेन ऑस्टेनच्या जन्माला २५० वर्षं झाली. त्या निमित्तानं लेकीच्या ऑफिसातल्या वाचणाऱ्या मंडळींनी तिच्या कादंबऱ्या हातात घेतल्या. नणंद कुंद्याचा डबा घेऊन राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं आमच्याकडे बेंगळुरूत मल्लेश्वरमला आली ती त्याच सुमारास. आणि लेकीला एक स्थळ सांगून आलं होतं, तेही तेव्हाच. मुलगा व्हाइटफील्डला नोकरीला, घरचे सांगलीकडचे. दोघांची बाहेर कॉफीवर भेट झाली होती आणि रविवारपर्यंत आम्ही उत्तर कळवायचं होतं. मग जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय निघणार कसा?

लेक : आत्या, या प्रेमकथा आहेत असं तू पोरांना सांगायचीस? मला तर पहिल्या पानापासून नुसतं पॅकेज दिसतंय. डार्सी वर्षाला दहा हजार पौंड. बिंगली चार-पाच हजार. डार्सीच्या बहिणीच्या नावावर तीस हजार. माणूस खोलीत यायच्या आधी त्याचं उत्पन्न येतं. आमच्या साइटवर निदान फोटो तरी आधी दिसतो.

आत्या : पैसा आहेच गं. तिनं तो लपवलाय कुठे? पण गोष्ट पैशाची नाही. कॉलिन्स मागणी घालतो ते प्रकरण आठव. आईच्या माघारी तुझ्या वाट्याला चार टक्क्यांचे हजार पौंड येतील, म्हणजे वर्षाला चाळीस, हे तो एलिझाबेथच्या तोंडावर सांगतो. ती नाही म्हणते. त्याला ते ऐकूच येत नाही. चांगल्या घरच्या मुली आधी लाजून नाही म्हणतात, अशी त्याची समजूत. मग तो दहा हजारवाला येतो. त्यालाही ती नाही म्हणते. मजा अशी की ऑस्टेन होकार दोन-चार ओळींत उरकते. काय म्हणाली ती, हे धड सांगतसुद्धा नाही. नकाराला मात्र अख्खं प्रकरण देते, शब्दन् शब्द. या लग्नाच्या कादंबऱ्या नाहीतच. या नकाराच्या कादंबऱ्या आहेत.

लेक : नकार परवडावा लागतो, आत्या. शार्लट ल्यूकस सत्तावीस वर्षांची, रूप नाही, पैसा नाही. तोच कॉलिन्स तिनं पदरात पाडून घेतला. तुमच्या वर्गात तिला नावं ठेवत असतील.

आत्या : ठेवायचे. मुलं जास्त.

लेक : आणि स्वतः ऑस्टेनबाईंचं काय? १८०२च्या डिसेंबरात हॅरिस बिग-विदर नावाच्या जमीनदाराच्या मुलाला रात्री हो म्हणाल्या आणि सकाळी नाही. पुढे १८०५मध्ये वडील गेले. मग आई आणि दोघी बहिणी भावांच्या वर्गणीवर. श्रीमंत घरात दत्तक गेलेल्या भावानं १८०९ला चॉटनचं घर दिलं तेव्हा कुठे बूड टेकलं. 'प्राइड'चे हक्क विकले ११० पौंडांना. एका सकाळच्या नकाराची एवढी किंमत. तिची सख्खी आत्या फिलाडेल्फिया, तिच्याजवळ तेवढंही नव्हतं. १७५२मध्ये तिला जहाजात बसवून नवरा शोधायला हिंदुस्थानात धाडली. दुसऱ्या वर्षी कडलूरला कंपनीच्या एका डॉक्टराशी लग्न. इथून रात्रीच्या बसनं जाता येईल अशा गावात. तिला कुणी विचारलं असेल, पटतो का म्हणून?

(इथं मला राहवलं नाही. ज्या वर्षी ऑस्टेन चॉटनला राहायला गेली, त्याच १८०९ साली इंग्रजांनी बेंगळुरूची छावणी वसवली. आजचा एम. जी. रोड म्हणजे त्या छावणीचा साउथ परेड. पुढे शंभर वर्षं फिलाडेल्फियासारख्या कितीतरी मुली अशाच छावण्यांमधून लेफ्टनंटांच्या पुढ्यात आणून बसवल्या गेल्या. तिकडचं पाहणं इकडे होत होतं एवढंच.)

आत्या : परवडायची गोष्ट काढतेस, तर 'मॅन्सफील्ड पार्क'मधली फॅनी प्राइस घे. मावशीच्या दारात वाढलेली, आश्रित. हेन्री क्रॉफर्ड श्रीमंत, गोड बोलणारा, तिच्या भावाला आरमारात बढती मिळवून दिलेला. ती नाही म्हणते. मावशीचा नवरा सर टॉमस आधी कृतघ्न म्हणून झापतो, मग काय करतो? माहेरी पाठवतो. गरिबीत चार दिवस राहिली की अक्कल येईल म्हणून. आपल्याकडे हा उपाय कुणाला सांगायला नको. तरी ती बधत नाही. तिच्या गाठीला होतं काय?

लेक : तिच्या गाठीला लेखिका होती. शेवटच्या प्रकरणांत क्रॉफर्ड विवाहित बाईबरोबर पळतो आणि फॅनी बरोबर ठरते. तो नसता पळाला तर? पोर्ट्समथच्या त्या घरात भांडी घासत बसली असती. ऑस्टेनच्या बाहेरच्या जेन एअरचंसुद्धा तेच. सेंट जॉन तिला म्हणतो, माझी बायको होऊन हिंदुस्थानात धर्मप्रसाराला चल. ती हिंदुस्थानी शिकते, यायलाही तयार असते, पण बायको म्हणून नाही. बाणेदार आहे, कबूल. पण तोवर काकाचे वीस हजार पौंड येऊन वाटणी होऊन पाच हजार तिच्या नावावर झालेले होते.

आत्या : आणि त्याआधी रॉचेस्टरला सोडून गेली तेव्हा? वीस शिलिंग होते, ते गाडीवाल्याला दिले आणि माळावर उघड्यावर झोपली. ते विसरलीस.

लेक : ...ते आहे खरं.

मी : तुम्ही दोघी नायिकांविषयीच बोलताय. लिझीनं कॉलिन्सला नाही म्हटलं तेव्हा ज्या घरात त्या बसल्या होत्या त्या घरालाच तिनं नाही म्हटलं. आई आणि चार बहिणींचं. हे आईनं ओरडून सांगितलं तर ती वेडी?

लेक : आई, तुझं वकीलपत्र माहितीये आम्हाला.

हसण्यावारी गेलं, तरी सोडते कुठे मी? लिडिया विकमबरोबर पळाली तेव्हा चिठ्ठी ठेवून गेली की आम्ही ग्रेटना ग्रीनला जातोय. लेकीनं विचारलं, म्हणजे नक्की कुठे? मी म्हटलं, म्हणजे आळंदी. इंग्लंडात १७५३च्या कायद्यानं लग्न चर्चमध्ये, आधी तीन रविवार जाहीर पुकारून किंवा परवाना काढून व्हायला लागलं आणि एकवीसच्या आतल्यांना आईबापांची आडकाठी होऊ लागली. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून सरहद्दीवरचं हे पहिलं खेडं पळून आलेल्यांचं झालं. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस नोटीस लागते. तेवढ्यात काकापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतं. हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीला नोटीस लागत नाही. माउलींच्या गावात एवढी मंगल कार्यालयं उगाच उभी राहिली नाहीत. फरक इतकाच की विकमच्या मनात लग्न नव्हतंच. डार्सीनं त्याचं हजारावर कर्ज फेडलं, लिडियाच्या नावे आणखी हजार लावले, वर सैन्यातली जागा विकत घेऊन दिली. याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगायला नको.

यानंतर नणंद जे बोलली, ते मला नवीन होतं.

आत्या : तुला मराठीतली गंमत सांगते. आपल्या कादंबरीची पहिली अडचणच ही होती. बाबा पदमनजी आमच्या बेळगावचे. त्यांची 'यमुनापर्यटन' १८५७ची, ती विधवांची गोष्ट. म्हणजे सुरुवातच लग्नाच्या पलीकडून. मग १८६८मध्ये नारो सदाशिव रिसबूडांनी 'मंजुघोषा' लिहिली. प्रस्तावनेत ते सरळ कबूल करतात की आपल्यातल्या लग्नाच्या रीतीमुळे, आणि इतरही कारणांनी, आपल्या लोकांच्या आयुष्यात कादंबरीजोगं काही रोचक सापडत नाही. खरंच होतं ते. आठ-दहा वर्षांच्या मुलीचं लग्न लागलेलं. ती कुणाला भेटणार, कुणाला पारखणार, कुणाला नाकारणार? म्हणून मग राजपुत्र आणि राजकन्या. हरिभाऊ आपटे घरात शिरले, 'पण लक्षात कोण घेतो' लिहिली, तिथंही मुलगी लग्नापर्यंत फरपटत जाते आणि खरी कथा सासरी. मुली कॉलेजात गेल्या तेव्हा कुठे फडक्यांना नायिका सापडल्या.

लेक : म्हणजे आपल्याकडे प्रेमकथा नव्हत्या?

आत्या : होत्या की, पण लग्नानंतरच्या. रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाच. अकरा वर्षांची मुलगी, तिशी ओलांडलेला बिजवर. तो तिला अक्षरओळख करून देतो, इंग्रजी शिकवतो, घरातल्या बायका तिला छळतात आणि त्यातून दोघांचं जमत जातं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रं' बघ. नवरा ख्रिस्ती होतो, ताटातूट होते, पुन्हा एकत्र येतात. हे डार्सीपेक्षा कमी आहे का? पण एक गोष्ट या पुस्तकांत नाही. नकाराची जागा. ती मुंजीच्या वयातच संपलेली.

लेक : मग आपल्याकडे एलिझाबेथ झालीच नाही.

आत्या : झाली. कादंबरीत यायच्या आधी हायकोर्टात आली. रखमाबाई.

रखमाबाईंची हकिगत आम्हा तिघींनाही थोडी थोडी माहीत होती. ती जोडत गेलो. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लागलं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत; सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी शिकत राहिल्या. १८८४मध्ये दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अजाण वयात लागलेल्या लग्नाच्या जोरावर तरुण बाईला इच्छेविरुद्ध नवऱ्याकडे पाठवणं त्यांना रानटी वाटलं. अपिलात ते फिरलं आणि १८८७मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. बाई म्हणाल्या, कैद. टिळकांचा 'केसरी' त्यांच्या विरोधात. शेवटी १८८८ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि पुढे सुरत-राजकोटला कितीतरी वर्षं बायकांचे दवाखाने चालवले.

आत्या : कॉलिन्सला ऐकू येत नव्हतं. इथं तर अख्ख्या कायद्याला ऐकू येत नव्हतं. आणि हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हेच. पिन्हे यांनीच बजावलं होतं की ही वस्तू इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टातून इकडे आलेली आहे. तिकडे १८८४ला कायदा करून अशा दाव्यातली कैद काढून टाकली होती. ऑस्टेनच्या देशात जे बंद झालं त्याची धमकी मुंबईत रखमाबाईंना. १९७०च्या कायद्यानं इंग्लंडनं तो दावाच मोडीत काढला. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ अजून शाबूत आहे.

लेक : थांब. रखमाबाईंच्या नावावर मिळकत होती ना? वडिलांची, आईनं पुनर्विवाह करताना लेकीच्या नावे केलेली. भांडणात तीही होती. म्हणजे माझंच खरं. पाठीशी डॉक्टर बाप, नावावर घर, वकील उभा करायला पैसे. म्हणून नाही म्हणता आलं.

आत्या : पैसा होता म्हणून कोर्टात उभी राहिली, मान्य. पण तुरुंगात जाईन हे पैशानं बोलवत नाही.

यावर लेकीकडे उत्तर नव्हतं असं नव्हे, पण ती उठून भात घ्यायला गेली. माझ्या मते दोघींपैकी तिचीच बाजू वरचढ होती आणि मुद्दा नणंदेनं जिंकला.

आपल्या या गावाचंही या प्रकरणात थोडं पुण्य आहे, ते सांगायला हवं. १८९१मध्ये संमतीवयाच्या कायद्यावरून पुणं पेटलं आणि त्यापुढे इंग्रज सरकारचं पाऊल पडेना; म्हैसूर संस्थानानं मात्र १८९४ला बालविवाहाविरुद्ध कायदा केला. आठ वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न गुन्हा. पन्नाशी उलटलेल्या पुरुषानं चौदाच्या आतल्या मुलीशी केलेलं लग्नही गुन्हा. आठ हे वय आज वाचताना अंगावर येतं. पण देवलांची 'शारदा' १८९९ची. त्यातल्या म्हाताऱ्या भुजंगनाथानं बोहल्यावर चढण्यासाठी म्हैसुरी हद्द निवडली असती आणि मुलगी चौदाच्या आत असती, तर नाटक पोलीस चौकीत संपलं असतं. त्यातही बेंगळुरूचा घोळ असा की पेठ महाराजांची आणि छावणी इंग्रजांची. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं.

त्याहून जुनी गोष्ट माझ्या आवडीची आहे. लेकीला सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या बाजूला वळून बसली. शहाजीराजांचं हे बेंगळूर पुढे व्यंकोजीराजांकडे होतं. १६७७च्या सुमारास शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांच्यात जो समझोता झाला, त्याच्या बखरीत दिलेल्या कलमांत बेंगळूरचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिलेला आहे आणि पुढे तो मुलीच्या वंशात जावा असं म्हटलं आहे.

लेक : म्हणजे हे अख्खं शहर एका बाईची खासगी मिळकत होतं?

मी : कागदावर. दहा वर्षांत मोगल आले आणि त्यांनी ते चिक्कदेवराज वोडेयरांना विकलं. तीन लाखांना, म्हणतात.

लेक : तीन लाखांत इथं आता फ्लॅटचं डिपॉझिट होतं. पण बघ आत्या, इंग्लंडात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर रीतसर मालमत्ता ठेवायला १८८२ उजाडलं. मिसेस बेनेटचा पैसासुद्धा करारात अडकलेला. दीपाबाईंना मात्र शहर. हेच मी सांगतेय. मी एचएसआर लेआउटमध्ये स्वतःचं भाडं स्वतः भरते. म्हणून मी कॉफीला जाऊन मुलाला बघू शकते आणि परतही येऊ शकते.

आत्या : परत येऊ शकतेस, पण नाही म्हणू शकतेस का? तुमच्या त्या ॲपवर कुणी कुणाला नाही म्हणतं का? उत्तर देणं बंद करतात म्हणे. डार्सी बघ. पहिली मागणी अशी घालतो की जणू मेहेरबानी करतोय. तिनं झाडल्यावर परत जाऊन पत्र लिहितो, पुढे स्वतःला सुधारतो आणि दुसऱ्यांदा विचारताना सांगून टाकतो की तुझं मन बदललं नसेल तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. त्याला विचारायला शिकवलं कुणी? तिच्या नकारानं. उत्तरच दिलं नसतं तर तो जन्मभर तसाच राहिला असता.

मी : आपल्याकडे तरी कोण नाही म्हणतं, वन्सं? 'कळवतो' म्हणतात. आठवडा गेला की 'पत्रिका जुळत नाही'. मुलगी काळी वाटली, पत्रिका. घर लहान वाटलं, पत्रिका. मुलालाच दुसरी आवडते, तरी पत्रिका. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणाचा अपमान होत नाही. ग्रहांनी आपल्या समाजावर केवढे उपकार केलेत.

आत्या : अपमान वाचतो, पण कुणी सुधारत नाही.

लेक : बरं, मग ऐका. मी त्याला फोन करून नाही म्हणून सांगणार आहे.

आत्या : का गं? चांगला आहे की मुलगा!

लेक : चांगला आहे. पगार चांगला, बोलतो चांगला, वाचतोसुद्धा.

आत्या : मग कारण?

लेक : कारण नाहीये. एलिझाबेथकडे दोन्ही वेळा यादी होती. फॅनीकडे एक होतं, ते तिला सांगता येत नव्हतं. माझ्याकडे नाहीच. तुझ्या कादंबऱ्यांत बिनकारणाचा नकार बसतो का?

अडचणीचा प्रश्न आला की वर्गात शिक्षक करतात ते नणंदेनं केलं : तो दुसऱ्याकडे ढकलला.

आत्या : तूच सांग आता. आई आहेस.

मी : मी काय सांगू? ती त्याला फोन करेल. मला त्याच्या आईला करायचाय. त्या 'का' विचारणार.

लेक : खरं ते सांग. मुलगी नाही म्हणते.

मी : आणि पुन्हा 'का' विचारलं तर? पत्रिका म्हणावं, तर ती आपणच आधी दाखवून बसलोय. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. गुरुजींच्या सहीचा कागद त्यांच्याकडे आहे.

आत्या : अठ्ठावीस? अरे देवा. मंगळ नाही का निघणार कुठे?